तुझ्या वहीत एकशे चाळीस कुठेच नाही

अनंता, तुझे आकडे फार चांगले आहेत. मला संशय आला तो तिथेच.

तू जाऊन आज एकविसावा दिवस. तेराव्याला पाहुणे पांगले तेव्हा सुनंदावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही हातात दिली. रोज सकाळी आंघोळीआधी दंडाला पट्टा बांधून तू बीपी मोजायचास आणि या वहीत लिहायचास. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. कंपनीतल्या रजिस्टरसारखे पट्टीने आखलेले रकाने. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्हा दोघांचं आयुष्य आकड्यांत गेलं. जरा बघून सांगा. डॉक्टर म्हणाले होते, वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत हवा. सुरुवातीची पानं सोडली तर सगळे आतच आहेत. मग असं कसं झालं?"

मी वही चाळत होतो. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "माझ्या हाताला मीठ जास्त आहे का हो?"

त्याच दुपारी तुझी बहीण पंक्तीत म्हणाली होती की दादाला रोज सुकी मासळी लागायची, ती करून घालणाऱ्याने तरी विचार करायला हवा होता. वहिनींनी ते ऐकलं होतं. तेव्हापासून त्या अळणी जेवत होत्या, हे तुझ्या मुलीने मला फोनवर सांगितलं. तेव्हा हा प्रश्न नुसता आकड्यांचा नव्हता. त्या उत्तराची वाट बघत होत्या आणि तोवर स्वतःला शिक्षा देत होत्या. उत्तर मला द्यायचं होतं, आणि ते तुझ्याविरुद्ध जाणार, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. म्हणून तुझ्याशीही बोलतोय.

संशय घ्यायला तूच शिकवलंस. मुलुंडच्या त्या शेडमध्ये आपण दोघे एकाच टेबलावर बसून पितळी बुश, मशीनच्या दांड्यावर चढणाऱ्या त्या नळकांड्या, मोजायचो तेव्हा मला वाटायचं, क्वालिटी म्हणजे मायक्रोमीटर लावायचा, आकडा लिहायचा, चहा प्यायचा. तू शनिवारी जेवणानंतर कँटीनमध्ये वर्ग सुरू केलेस. फळ्यावर सूत्र लिहिलंस की मशीनवाले डुलक्या काढत, म्हणून तू सूत्रं सोडलीस आणि घरातल्या गोष्टी सांगायला लागलास.

सरासरीचा वर्ग मला अजून आठवतो. तू दोन डबे पुढे ठेवलेस. एका भाजीत मीठ अजिबात नाही, दुसरीत दुप्पट. "दोन्ही मिळून मीठ बरोबर आहे ना? मग जेवा." मागून कोणीतरी म्हणालं, साहेबांना द्या, त्यांना रिपोर्टमध्ये सरासरीच लागते. तू हसलास आणि म्हणालास की हा पास झाला, याला पुढच्या शनिवारी सुट्टी.

सिग्मा म्हणजे काय, हे तू घावण्यांवरून सांगितलंस. वहिनींनी केलेले घावणे एकावर एक रचून आणले होतेस. प्रत्येक घावणा वेगळा. कडा कुठे आत, कुठे बाहेर. "ही कड जेवढी मागेपुढे, तेवढा तुमचा सिग्मा. सुनंदेचा एवढा आहे. माझा केलेला बघायचा असेल तर मोठं ताट आणा." आणि वरती मालवणीत जोडलंस, "पयला घावन तव्याक." मशीन सुरू केल्यावरचे पहिले पीस मोजून घाबरू नका, एवढंच तुला सांगायचं होतं. आजही आमच्याकडे मशीन चालू झालं की कोणीतरी तेच म्हणतं. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी घावणे खाल्लेलेसुद्धा नाहीत.

नमुना कसा घ्यायचा, हे दाखवायला तू मला मुलुंडच्या मासळी बाजारात नेलंस. टोपलीत वर ठेवलेले बांगडे चकचकीत. तू हात थेट तळाशी घातलास, एकेकाचे कल्ले उघडून बघायला लागलास. मावशी वैतागली. म्हणाली, "दादा, बांगडा घेतोस का मुलगी बघतोस?" बाजूच्या दोघी जोरात हसल्या. तू शांतपणे तळातला एक बांगडा तिच्यापुढे धरलास. तिने तो बाजूला टाकला. परत येताना तू म्हणालास की विकणाऱ्याने हाताने काढून दिलेला नमुना हा नमुना नसतो, नैवेद्य असतो.

आणि तुमच्या सोसायटीचा वॉचमन. तू नवी टोपी घालून आलास तर त्याने तुलाच गेटवर अडवलं, कुठे जायचंय विचारलं, वहीत सही करायला लावली. त्याच दुपारी एक माणूस पिशवी घेऊन सलाम करून आत गेला आणि गच्चीवरचे सगळे पितळी नळ काढून घेऊन गेला. शनिवारी तू फळ्यावर लिहिलंस, चांगल्याला अडवणं ही पहिली चूक, चोराला सोडणं ही दुसरी. आमच्या वॉचमनने एका पाळीत दोन्ही करून दाखवल्या. मग गंभीर झालास. म्हणालास, पहिली चूक झाली की ओरडा होतो, कारण अडवलेला माणूस बोलतो. दुसरी चूक गप्प असते. गप्प असलेल्या चुकीवर जास्त संशय घ्या.

इथवर सगळं आनंदाचं. आता ते, ज्यावर आपण कधीच नीट बोललो नाही.

त्या शनिवारी तू फळ्यावर एक डोंगर काढलास. एका महिन्याचे बुश, बाहेरचा व्यास. डावीकडून चढ छान, मधे माथा, उजवीकडे उतार सुरू होतो न होतो तोच वरच्या मर्यादेला टेकून एक भलामोठा खांब, आणि त्याच्या पलीकडे काहीच नाही. कोणी तासून टाकल्यासारखं. तू विचारलंस, "दहावीच्या निकालात पस्तीसवाले किती असतात? आणि चौतीसवाले?" सगळे हसले. चौतीस कुणालाच मिळालेले नसतात. मास्तरांना दया येते. तू म्हणालास, निसर्गाला दया येत नाही, त्याच्या डोंगराला उतार असतो. जिथे कडा तुटलेला दिसेल तिथे समजा, मोजणाऱ्याच्या मनात काहीतरी होतं.

तू नाव घेतलं नाहीस. पण ते माझं रजिस्टर होतं.

शिंदेकाका त्या लेथवर होते, आठवतं ना? रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. रिजेक्शन वाढलं तर त्यांना पॅकिंगला टाकणार होते. ते काही मागायचे नाहीत. टेबलाशी येऊन चिंधीने हात पुसत उभे राहायचे, एवढंच. एखादा बुश मर्यादेच्या जरा बाहेर आला की मी तो पुसायचो, परत मोजायचो. मायक्रोमीटर जरा दाबून फिरवला की आकडा आत येतो. दुसऱ्यांदा नाही आला तर तिसऱ्यांदा. आत आला की लिहायचो.

सुटल्यावर मी तुला गेटबाहेर चहाच्या टपरीवर गाठलं. म्हटलं, "मी आजवर एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. जो डोळ्यांनी दिसला तोच लिहिला."

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. "सुध्या, तू खोटं लिहिलं नाहीस रे. खोटं मोजलंस. बाहेर आलेला तीनदा मोजलास. आत आलेला एकदा तरी परत मोजलास का?"

उत्तर नसलं की माणूस दुसरीकडे बोट दाखवतो. मी म्हणालो, तुला हेड व्हायचंय, म्हणून माझं रजिस्टर फळ्यावर आलं. चार महिन्यांनी तू खरंच हेड झालास आणि माझा संशय पक्का झाला. साहेबांना तू तो आलेख आधी दाखवला होतास का, हे मी तुला कधी विचारलं नाही. तू कधी सांगितलं नाहीस. आजही मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आजही तो संशय पूर्ण गेलेला नाही. आठ महिने आपण एका टेबलावर बसून बोललो नाही. मग एक दिवस जेवताना तू सुक्या जवळ्याचा डबा माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालास, मीठ बघ. मी म्हटलं, जास्त आहे. तिथून पुन्हा बोलणं सुरू झालं, पण त्या विषयावर नाही.

त्यानंतर काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं होतं. तुझ्या आलेखामुळे लेथ उघडला, तर आतलं बेअरिंग झिजलेलं निघालं. शिंदेकाका वर्षभर ढिल्या मशीनशी झुंजत होते आणि दोष स्वतःच्या हाताला देत होते. बेअरिंग बदललं, बुश सरळ यायला लागले, काका त्याच मशीनवरून रिटायर झाले. माझ्या दयेने त्यांना वाचवलं नव्हतं. मशीनचा आजार तेवढा लपवला होता. हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्यासमोर मान्य करायला मात्र जीभ उचलली नाही. आता मान्य करतो. उशीर झालाय, ते मला दिसतंय.

तर तुझी वही.

आधी गेज तपास, मग माणूस, हा तुझाच नियम. म्हणून मी आधी बीपीच्या मशीनवर संशय घेतला. वहिनींकडून ते मागून आणलं, आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं, त्यांच्या यंत्राशेजारी ठेवून माझ्याच दंडावर मोजून घेतलं. मशीन ठीक आहे. मग तुझ्या डॉक्टरांवर घेतला. त्यांची चिठ्ठी पाहिली. दर भेटीला त्यांनी वहीतले आकडे उतरवले आहेत आणि लिहिलंय, औषध तेच. वही पाहून दुसरा कोणी काय लिहील?

मग मी आलेख कागद घेतला आणि तुझा डोंगर काढला. काढताना अर्ध्यातच पेन्सिल थांबली. एकशे छत्तीस, एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस, तिथे खांब. एकशे चाळीस एकदाही नाही. एकशे एक्केचाळीस नाही. कडा तुटलेला. तुझा, अनंता. जो माझा कडा फळ्यावर काढतो त्याचा.

सुरुवातीची पानं तशी नाहीत. तिथे एकशे सेहेचाळीस आहे, एकशे बावन्न आहे, उतार आहे. मग एका भेटीत डॉक्टर म्हणाले की असंच राहिलं तर गोळी वाढवू आणि सगळ्या तपासण्या करू. तुझी मुलगी सांगत होती, त्या दिवसापासून आई बाबांच्या तोंडाकडे बघत बसायची, रात्री उठून श्वास चालू आहे का बघायची. त्याच आठवड्यापासून तुझी वही चांगली झाली.

मशीनच्या पोटात शेवटची साठेक मापं वेळेसकट राहतात, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? की आलं होतं? मी बटण दाबत मागे गेलो. सकाळी सहा पंचवीस, एकशे अठ्ठावन्न. सहा एकोणतीस, एकशे एकोणपन्नास. सहा चौतीस, एकशे अडतीस. वहीत एकशे अडतीस. दुसऱ्या दिवशी चार मापं, वहीत चौथं. एखाद्या दिवशी पहिलंच आत आलंय, त्या दिवशी दुसरं घेतलेलंच नाही. दोन-तीनदा मोजायला हरकत नाही, डॉक्टरही तेच सांगतात. पण मग रोज तेवढ्यांदा मोजायचं आणि सगळी लिहायची. फक्त बाहेर गेलेलं परत मोजायचं नाही. हे मी तुला सांगावं?

शेवटच्या सकाळी पाच मापं आहेत. पाचही बाहेर. वहीत त्या दिवशी तारीख आहे, वेळ आहे आणि पुढचे रकाने रिकामे आहेत. डोळ्यांनी न दिसलेला आकडा तुला त्या दिवशीही लिहिता आला नाही. मला तुझा राग आला होता, तो तिथे ओसरला. खोटा माणूस तिथे एकशे अडतीस लिहून मोकळा झाला असता.

काल रविवारी सकाळी मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा केला, समोर बसल्या. वाटेत मी दोन-तीन सोपी वाक्यं तयार केली होती. वेळ आली होती, नशीब, असली. ती म्हणून मी निघूनही आलो असतो. पण त्यांच्या ताटातली अळणी आमटी मला तिथूनच दिसत होती, न संपलेली, कालचीच असावी.

मी सांगितलं. आकडे खरे आहेत, पण सगळे नाहीत. जास्त आला की अनंत परत मोजायचा, आत आला की लिहायचा. डॉक्टरांना फक्त शेवटचे दिसले. मशीन पुढे ठेवून एका दिवसाचे चार आकडे दाखवले.

वहिनींनी स्वतः बटण दाबून ते पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "तीन-तीनदा घरघरायचं. मी आत पोहे करताना ऐकायचे. विचारलं तर म्हणाले सेल उतरलेत. मी दोनदा नवे सेल आणून दिले."

मी म्हटलं, तुम्ही घाबराल म्हणून केलं त्याने.

"घाबरले असते," त्या म्हणाल्या. "घाबरले असते आणि रिक्षात घालून घेऊन गेले असते."

मग त्यांनी मिठाचं विचारलं. पुन्हा तसंच, खालच्या आवाजात. मिठाचा काही संबंध नाही, असं मला सांगता आलं असतं. ते मी सांगितलं नाही. मीठही थोडं असेल, म्हटलं, पण डॉक्टरांना एकशे अठ्ठावन्न दिसलं असतं तर गोळी वाढली असती आणि मीठही त्यांनीच तोडायला सांगितलं असतं. तुम्हाला कोणी खरा आकडा दिला नाही आणि तुम्ही त्या आकड्यावर घर चालवलंत. मग तो वाचला असता का, हे एका वहीवरून मला काढता येत नाही. कोणी काढून दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

त्या रडल्या. मी चहा पीत बसलो. रडणं थांबल्यावर उठून त्यांनी तोंड धुतलं, परत आल्या आणि पदर सावरून हात टेबलावर ठेवला. म्हणाल्या, माझं घ्या. गेली दोन वर्षं ह्यांचंच मोजत होतो आम्ही.

मी पट्टा बांधला. मशीन घरघरलं, थांबलं. एकशे चौपन्न.

त्यांनी आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "आत्ताच रडले ना मी. म्हणून असेल. परत घेऊ या?"

"घेऊ या," मी म्हटलं. "पण आधी हा लिहितो."

त्यांनी वही उघडली, कोरं पान काढलं, पट्टी आणली आणि रकाने आखले. तुझ्यासारखे सरळ नाही आले. वर स्वतःचं नाव लिहून वही माझ्याकडे सरकवली. मी एकशे चौपन्न लिहिलं. पाच मिनिटं थांबून दुसऱ्यांदा मोजलं, एकशे अठ्ठेचाळीस आलं, तेही त्याखाली लिहिलं. त्यांनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे किती वाजता जायचं ते विचारलं.